पायरीला लागलेली बाहुली

फार जुनी गोष्ट. अमावास्येनंतरचा तिसरा दिवस होता, आभाळ भरलेलं, वारा समुद्राकडून. नदीच्या मुखाशी मेलानाऊ जमातीच्या कोळ्यांचं गाव होतं, उंच खांबांवरच्या घरांचं. त्या सकाळी लासाह जाळं घेऊन शिडी उतरला आणि शेवटच्या पायरीवर थबकला. पायरीला एक बाहुली येऊन लागली होती.

सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या मऊ गाभ्यातून कोरलेली बाहुली. तशा बाहुल्या शेजारची सालुई आजीच कोरायची. कोणी आजारी पडलं की त्याचं दुखणं ती बाहुलीत उतरवायची आणि बाहुली ओहोटीबरोबर समुद्राकडे सोडून द्यायची. मात्र बोलावल्याशिवाय ती रोग्याच्या घरी पाऊल ठेवत नसे. तसा रिवाजच होता.

दुपारी लासाहची मुलगी उमी तापली. कान दुखतो म्हणून रडू लागली.

"आजीला बोलावते," बायको म्हणाली.

"जिनं दुखणं पाठवलं तिलाच? मागे मी तिला मासळी दिली नव्हती. ती विसरली असेल होय?"

"तुम्ही विसरला नाहीत, एवढं दिसतंय."

लासाहनं बाहुली उचलली आणि गुपचूप आजीच्या शिडीखाली नेऊन ठेवली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा त्याच्याच पायरीला. शेजारी आजी आपल्या दारात बसून सागोचं पीठ चाळत होती. त्याला पाहून ती हसली. त्या हसण्याचा अर्थ लासाहनं मनाशी लावून टाकला.

बाहुली त्यानं परत तिकडे नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी तो समुद्रावर गेलाच नाही. पहाटेपासून होडीत आडवा पडून आजीच्या शिडीवर नजर ठेवून राहिला. वरून उमीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"आता तरी जाऊ द्या मला," बायको म्हणाली.

"आधी तिला पकडू दे."

भरती चढली. पाण्यानं बाहुली उचलली, खांबांमधून गोल फिरवली आणि सावकाश आणून त्याच्या पायरीला टेकवली. आजीचं दार तेव्हा बंदच होतं.

लासाह धावतच तिची शिडी चढला. "आजी, ती बाहुली..."

"नदीच्या तोंडाशी वाळू साचलीय. समुद्र घेईना तिला, तर माझ्या दारात का आणून टाकतोस? तीन दिवस बघतेय. हसून पाहिलं, तरी तू काही बोलेनास."

"उमीला ताप आहे."

"ऐकतेय मी. बोलावतोयस का?"

"चल, आजी."

पाल्याची टोपली उचलून आजी त्याच्याआधी शिडी उतरली.

पाचव्या दिवशी उमीचा ताप उतरला. उजव्या कानानं तिला पुढे कधीच ऐकू आलं नाही.

संशय आला तर त्याच दिवशी जाऊन विचारावं. उशीर केला की त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.