डोळे बांधून उतरायची पायरी

बोरखळीच्या बाजारतळाला लागून एक दगडी तळे आहे. उतरताना पहिल्याच पायरीवर काळा दगड आडवा येतो, पुढचा एक पाय उचलून थबकलेल्या बैलासारखा. पाहुणे त्याला नंदी समजून हळदकुंकू वाहतात. तो नंदी नव्हे. मी या गावची सून. लेक पायऱ्यांकडे धावला की माझा जीव खालीवर होतो. त्याला थोपवता थोपवता ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे, की तिच्यातले ऐकलेले किती आणि माझे किती, याची मलाच खात्री उरलेली नाही.

फार मागे इथे हैबती नावाचा गुरांचा व्यापारी होता, असे सांगतात. मुंडासे मोठे, तोंडात सदा देवाचे नाव, आणि जनावराची खोड झाकण्यात हातखंडा. त्याच्याकडून गोजाई तेलिणीने घाण्यासाठी बैल घेतला. तिचा नवरा वारलेला, पदरात तान्हे मूल. बदल्यात तिने दुभती गाय दिली. दावी या हातातून त्या हातात गेली, म्हणजे सौदा पक्का.

घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना दिवसभर झापड, म्हणून काही दिवस कळले नाही. एका संध्याकाळी तिने झापड काढून त्याला मोकळे केले, तर तो सरळ अंगणात निजलेल्या लेकराकडेच चालत निघाला. तिने लेकरू ओढून घेतले आणि बैलापुढे हात हलवला. पापणी हलली नाही. तिकडे गाय गेलेली, इकडे मूल दुधावाचून रडणारे.

तिने पंच बोलावले. पंचांविषयी आदराने लिहायला हवे. मला जमत नाही. हैबतीच्या घरचे ताक पिऊन ढेकर देत बसलेली ती माणसे.

“घाण्याच्या बैलाला डोळे हवेत कशाला गं?” हैबती म्हणाला. “तू बांधूनच ठेवतेस. उलट तुझं फडकं वाचलं.”

पंच पोट धरून हसले, म्हणे.

“असते तर बांधले असते, दादा,” गोजाई म्हणाली. “नाहीत हे सांगितलं असतंस, तर मी गाय दिली असती का?”

“माझ्याकडं होता तोवर लख्ख दिसायचं त्याला. तुझ्या दारात गेले डोळे.”

पंचांनी माना डोलावल्या. म्हणजे नुकसान तेलिणीचे, गाय हैबतीची.

“बरं,” ती म्हणाली. “जनावर तहानलंय. तुझ्या हातचं आहे, तूच त्याला पाणी पाज.”

हैबतीने बैल तळ्यावर आणला. पहिल्या पायरीशी बैल पाय उचलून थांबला. हैबतीने ओढला, ढकलला, शेपूट पिरगाळली. बैल हलेना. सगळा बाजार बघत होता. शेवटी ओठातल्या ओठात तो पुटपुटला, “पायरी.” बैलाने पाय खाली टेकला आणि दुसरा उचलून पुन्हा थांबला.

“दिसणाऱ्या बैलाला पायरी सांगावी लागते होय?” गोजाईने विचारले. “मी तर त्याला हे शिकवलं नव्हतं.”

कुणी हसले नाही. सगळ्यांत म्हातारा पंच ताकाची चव विसरून म्हणाला, “हैबती, तुलाही ठाऊक नसतं, तर ती दोघांची चूक. दोघं आपापलं जनावर घेऊन घरी गेला असतात, कुणाला बोल नाही. तू लपवलंस. आता सौदा ठेवायचा का मोडायचा, ते ती सांगेल. तू तोंड उघडायचं नाही.”

“मोडला,” गोजाई म्हणाली. “गाय आणा माझी.”

गाय आली. हैबती बैल वर न्यायला गेला. त्याच पहिल्या पायरीवर बैलाने पाय उचलला आणि तो थांबला. हैबती “पायरी, पायरी” म्हणत घसा फोडत राहिला. त्या माणसाच्या शब्दावर बैलाने पुन्हा पाय टाकला नाही. तिथेच त्याचा दगड झाला, असे म्हणतात.

आजही बोरखळीत काहीही विकायचे तर विकणाऱ्याने झापड बांधून या पायऱ्या उतरायच्या. एकेका पायरीवर त्याने वस्तूची एकेक खोड सांगायची, मग घेणाऱ्याने “पायरी” म्हणायचे, की मगच उचललेला पाय खाली टेकायचा. गेल्या बाजारात एक गृहस्थ जुनी मोटारसायकल घेऊन आले होते. “हिला काही खोडच नाही,” म्हणाले. घेणाऱ्याने “पायरी” म्हटलेच नाही. गृहस्थ दगडाशेजारी, डोळे बांधून, एक पाय उचलून, बराच वेळ तसेच उभे होते.