अकरा धारदार

“उद्या साहेब येईल तेव्हा माझ्या अकरा मानकऱ्यांना धार लागलेली पाहिजे!” राजे उदाजीराव गरजले. “नाही लागली, तर तुमचं चाक विहिरीत आणि तुम्ही बापलेक वेशीबाहेर!”

दस्तगीर शिकलगारानं हात जोडले. तलवारी, कोयते, विळ्या यांना धार लावण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. माणसाला धार लावायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यामागं चाकाचा पट्टा ओढणारी त्याची लेक चांदबी उभी होती. तिनं विचारलं, “सरकार, हे धारेचं खूळ कुणी काढलं?”

“खूळ? अगं, साहेबाचा हुकूम आहे!”

झालं होतं असं. सकाळी छावणीचा स्वार आला. घोड्यावरूनच ओरडला, “साहेब अरायव्हिंग टुमॉरो, इलेव्हन शार्प!” आणि धूळ उडवत परत गेला. सोनखडी संस्थानात इंग्रजी जाणणारे एकच, शंभुपंत मास्तर. त्यांनी जाडजूड कोश उघडला, चष्मा पुसला आणि अर्थ लावला : “साहेब उद्या येत आहेत. अकरा धारदार.”

अकरा धारदार काय? दरबार बुचकळ्यात पडला.

“तलवारी!” सरलष्कर हैबतराव म्हणाले. हे लढाईलाही दुपारचं जेवून निघत.

“छे! साहेब तलवारी जप्त करतो, मागत नाही,” दिवाण बापूसाहेब म्हणाले. “शार्प म्हणजे हुशार. मागच्या खेपेला साहेब आपल्या कुत्र्याला शार्प म्हणाला होता, मी या कानांनी ऐकलं. त्याला अकरा हुशार माणसं हवीत.”

दरबारानं डोकी मोजली. मानकरी अकरा भरले. हुशार मात्र एकही भरेना! तेव्हा राजांनी तोड काढली. हुशार नसतील तर धार लावून घ्यावी. शिकलगार कशासाठी पोसलाय?

चांदबीनं सगळं ऐकून घेतलं. रांगेतल्या अकरा पोटांवरून नजर फिरवली.

“सरकार, आमचं चाक लोखंडाला ओळखतं. या मंडळींत लोखंड किती अन् लोणी किती, ते आधी बघावं लागेल.”

“तोंड सांभाळ, पोरी!” दिवाण ओरडले.

“तोंडाला आज धार लावली नाही, दिवाणसाहेब. ती आधीचीच आहे.”

राजांच्या मिशा हलल्या. पण हसू त्यांनी आवरलं.

“लावतेस की बांधू गाठोडं?”

“एक सांगा, सरकार. साहेब उद्या येणार. पण उद्या कधी? सकाळी, दुपारी, की दिवेलागणीला?”

“तेवढंच सांगायचं राहिलं बघ! साहेबी निरोप तो. अर्धवट!”

चांदबीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिनं ते पदरानं टिपलं.

“मग लावते धार. साहेबाच्याच तोंडून ‘शार्प’ म्हणवून घेते. पण माझी एक अट आहे. उद्या देवडीवर अकराचे टोल पडतील तेव्हा अकराही जण वेशीत उभे पाहिजेत. शेवटच्या टोलानंतर जो येईल, त्याची धार कच्ची. त्याला चाकावर धरावं लागेल.”

मानकरी खो-खो हसले. चांदबीनं पट्टा ओढला. दस्तगीरनं गंजका कोयता चाकाला टेकवला. चर्र! ठिणग्यांचा फवारा उडाला आणि हैबतरावांच्या डाव्या मिशीतून धूर निघाला. हसणं जागीच थांबलं.

घरी जाताना दस्तगीर म्हणाला, “बेटी, तुझा अंदाज चुकला तर?”

“तर चाक डोक्यावर घेऊन दुसरं गाव बघू, अब्बा. पण चुकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सोनखडीनं कधी न पाहिलेलं पाहिलं. मानकरी उन्हं चढायच्या आत अंघोळ करून वेशीकडं धावत होते! चांदबी चाक घेऊन तिथंच बसली होती. टोल पडू लागले. दहा मानकरी उभे होते, सरलष्कर नव्हते. पाच टोल झाले, सात झाले. दस्तगीरनं डोळे मिटले. नवव्या टोलाला हैबतराव एक जोडा पायात, एक हातात असे पळत आले आणि रांगेत घुसले. अकरावा टोल पडला, तोच धुळीतून साहेबाची बग्गी वेशीत उभी राहिली.

साहेब उतरला. खिशातून घड्याळ काढलं. घड्याळाकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “आह! इलेव्हन शार्प!”

“ऐकलंत?” राजे दिवाणांच्या कानाशी पुटपुटले. “एका नजरेत मोजले! अकराच्या अकरा!”

साहेब पाहुणचार घेऊन गेला. राजांनी चांदबीला पुढं बोलावलं.

“पोरी, चाक तर एकालाही टेकवलं नाहीस. मग यांना धार लागली कशी?”

“यांना कुठं, सरकार? येणारा पाहुणा निरोप धाडतो तो आपण कधी येणार हे सांगायला. तुमची माणसं मोजायला नव्हे. निरोपात अकरा होते अन् वेळ नव्हती. म्हणजे ते अकराच वेळेचे! साहेबानं धार मागितली ती अकराच्या ठोक्याला. तेवढी मी लावली.”

शंभुपंतांनी कोश चाळला. “पण माझ्या कोशात शार्प म्हणजे...”

“मास्तर, तो मिटा!” राजे म्हणाले. मग त्यांची नजर रांगेकडं गेली. हैबतरावांच्या हातात जोडा अजून तसाच होता. “म्हणजे हे अकरा जण अजून बोथटच?”

“बोथट व्हायला आधी पातं लागतं, सरकार!”

राजे असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून चांदबीच्या हाती ठेवलं आणि तिथल्या तिथं हुकूम सोडला, “यापुढं साहेबाचा निरोप आला, की आधी शिकलगाराच्या दारी न्या. मास्तरांकडं मागाहून!”