ओसरीवर नेलेली खाट

फार फार वर्षांपूर्वी एका राणीने निराधार म्हाताऱ्यांसाठी मोठा आश्रम बांधला. सगळ्यांना सारखी खाट, सारखी घोंगडी. घंटा वाजली की जेवायचं, घंटा वाजली की झोपायचं.

तिथे ठकूबाई नावाची बुरडीण राहायची. सुपं-टोपल्या विणण्यात तिचा जन्म गेला होता. ती आली त्या दिवशी कुणीतरी गोड बोलून विचारलं होतं, "आजी, बरोबर काय काय आणलंय?" तिने दाखवलं, आणि ते सगळं तिच्याकडून काढून घेतलं गेलं, बांबू चिरायची सुरीसुद्धा. तेव्हापासून कुणी गोड बोललं, की ठकूबाईच्या मनात पाल चुकचुकायची.

एकदा नवी कारभारीण आली. ती एकेकाजवळ बसून विचारू लागली, "घरी कधी उठायचात? काय करायला आवडायचं?"

"मला काही आठवत नाही," ठकूबाई म्हणाली.

पण तिचं सगळीकडे बारीक लक्ष होतं. एका आजीला चूल मिळाली. ती सगळ्यांना थालीपीठं करून घालू लागली. एका आजोबांना वाफा मिळाला. त्यांनी मेथी पेरली. पंगतीत हसणं ऐकू येऊ लागलं.

ठकूबाईने सगळ्यांचे कान भरले. "आज हौसेनं करताय. उद्या ही बाई तेच काम गळ्यात मारेल. फुकटचे गडी हवेत तिला!"

म्हातारी माणसं घाबरली. चूल विझली. वाफ्याकडे कुणी फिरकेना.

कारभारीण ठकूबाईकडे आली. ठकूबाईनेच तोंड उघडलं, "खरं सांग, यात तुझा काय डाव आहे?"

"आजी, माझी आई याच आश्रमात वारली. मी भेटायला आले, की स्वतःच्या खाटेवर टेकण्याआधी ती दारावरच्या शिपायाकडे बघायची. बसू का, म्हणून. आयुष्यभर घर चालवलेली बाई!"

तरीही ठकूबाईचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता तिने खाट फरफटत ओसरीवर नेली आणि ओरडा कधी बसतो याची वाट बघत बसली.

कारभारीण आली, थबकली. "इथे वारा लागेल, आजी. आणखी एक घोंगडी देऊ?" एवढंच म्हणाली.

ठकूबाईची मान खाली गेली. मग ती उठली आणि चुलीवाल्या आजीकडे गेली. "माझंच चुकलं गं. चूल पेटव. लाकडं मी आणते."

चूल पेटली. मेथी मात्र पार वाळून गेली होती. आजोबांनी ती नव्याने पेरली, आणि उगवून येईपर्यंत रोज पाणी ठकूबाईने घातलं.

तात्पर्य: जिथे माणसाला आपल्या मर्जीने उठता-बसता येतं, तेच त्याचं घर.