टाकी ओरडते, काटा हसतो

गाड्यांचे भाग एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मुरारबाच्या जीपचा डिझेलचा काटा मोडला. त्यानं बाजारातून दुसऱ्याच गाडीचा, निळा दिवा लागणारा काटा आणून बसवला आणि टाकीत बुडवून बघायची काठी फेकून दिली.

टाकी निम्मी झाली, तरी काटा ‘फुल’वरच!

“अरे, मी निम्मी आहे!” टाकी ओरडली.

“तुझी भाषा मला कळत नाही,” काटा म्हणाला. “मालक खूश आहे ना? मग झालं!”

टाकीचं डोकंच फिरलं.

एक दिवस भर घाटात जीप आचके देत बंद पडली. मुरारबानं काट्याकडे पाहिलं. “डिझेल तर काठोकाठ आहे,” म्हणत त्यानं धडधाकट इंजिन खोलून रस्त्यावर मांडलं.

“अरे बाबा, मी रिकामी आहे, रिकामी!” टाकीनं घसा फोडला.

वैतागून मुरारबानं टाकीवर पाना आपटला. ठण्ण! टाकीला वाटलं, सुटले, आता तरी याला कळेल.

“वा! काय खणखणीत आवाज आहे!” मुरारबा म्हणाला. “भरलेली आहे म्हणूनच.”

आणि तो पुन्हा इंजिनाकडे वळला.