शेठचा कर्णा आणि वस्तादाचा कापूस

राजे घोड्यावरून फिरत आणि वेळ पाण्यात वाटी बुडवून मोजत, त्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांनी तर जरूर ऐकावी.

एका नदीच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे एक गाव होतं. दरवर्षी चैत्रात दोन्ही गावांचा खो-खोचा सामना होई. स्वतः राजा बघायला येई. जे गाव जिंके, त्या गावात त्या वर्षी राजाची जत्रा भरे.

अलीकडच्या गावाच्या संघाला सांभाळणारा एक कापसाचा शेठ होता. त्याच्या वखारी कापसाने छतापर्यंत भरलेल्या असत. गड्यांना रोज शेरभर दूध त्याच्याकडून, तूप त्याच्याकडून, खेळायची वस्त्रंही त्याच्याकडून. मैदानही त्याच्याच मालकीचं होतं.

संघाला शिकवणारा एक म्हातारा वस्ताद होता. त्याचं म्हणून काही नव्हतं. मैदानाच्या कडेला चिंचेखाली एक खोपटं, तेवढंच. चाळीस वर्षं त्याने त्या मैदानातले खडे वेचले होते. कुठे जमीन मऊ आहे, कुठे पाय घसरतो, हे त्याला डोळे मिटून सांगता येई.

शेठला बसायला मैदानाकाठी उंच मचाण होतं. तिथून तो ओरडे, "डावीकडे वळ! अरे खो दे, खो दे!"

चिंचेखालून वस्ताद ओरडे, "उजवीकडे! ऐकू नका त्यांचं!"

मग शेठ आणखी मोठ्याने ओरडे. मग वस्ताद त्याहून मोठ्याने. गावातले लोक म्हणत, सामना दोन गावांचा आहे की या दोघांचा?

खो-खो तुम्हाला ठाऊक आहेच. आठ गडी दोन खांबांच्या मध्ये एका ओळीत बसतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. बसलेल्याला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. पाठीवर हात पडला आणि 'खो' मिळाला, की त्याने उठायचं. त्याआधी उठला, तर चूक.

एका वर्षी अलीकडच्या गावाला शेवटचा एकच गडी बाद करायचा होता. ओळीत चौथा बसला होता सिदू धनगर, संघातला सगळ्यात चपळ गडी. त्याच्या पाठीमागून पाठलाग करणारा येत होता. तेवढ्यात मचाणावरून शेठ ओरडला, "खो!"

आणि सिदू उठला.

पाठीवर हात नव्हता. पंचांनी चूक दिली. पलीकडचा गडी हसत हसत निसटला. पाण्यातली वाटी बुडाली आणि सामना गेला.

शेठ मचाणावरूनच गरजला, "वस्ताद, हे शिकवलंत तुम्ही चाळीस वर्षं?"

"शेठ, तो तुमच्या आवाजावर उठला."

"म्हणजे? दूध माझं, तूप माझं, मैदान माझं. माझ्या आवाजावर उठायचं नाही तर कुणाच्या?"

"दूध तुमचं खरं," वस्ताद म्हणाला, "पण ते पचवलं त्यांनी."

लोक हसले, आणि शेठला ते फार लागलं. त्याने भर मैदानात सांगितलं, "पुढच्या चैत्रात हरलात, तर ते खोपटं मोडायचं आणि नदीपलीकडे चालू पडायचं. माझ्या मैदानात परत पाऊल टाकायचं नाही."

वस्तादाने मान हलवली. दुसरं काय करणार?

शेठने घरी जाऊन पुष्कळ विचार केला. आपण का हरलो? आणि त्याला उत्तर सापडलं. माझा आवाज नीट पोचत नाही! लगेच त्याने तांबटाला बोलावून माणसाएवढा उंच पितळेचा कर्णा घडवून घेतला. त्यात बोललं की आवाज नदीपलीकडच्या गुरांनाही ऐकू जाई. पहिल्या दिवशी त्याने नुसतं खाकरून पाहिलं, तर वेशीवरचे बैल दावं तोडून पळाले.

इकडे वस्तादही विचार करत होता. त्याचं उत्तर वेगळं नव्हतं. त्यालाही वाटत होतं, मीच आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं.

एके सकाळी सिदू त्याच्याकडे आला. हरल्यापासून तो मान वर करत नव्हता.

"वस्ताद, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"शेठ म्हणतात डावीकडे, तुम्ही म्हणता उजवीकडे. पाठीवर हात पडेपर्यंत डोक्यात नुसता बाजार भरतो. त्यात कुणी 'खो' म्हटलं तर कुणाचा आवाज ते कळत नाही."

"मग माझं ऐकायचं. मी वस्ताद आहे."

सिदूने जमिनीकडे बघत काठीने रेघ ओढली. "मेंढरांना दोघांनी हाकललं ना वस्ताद, की ती काट्याच्या कुंपणात शिरतात. दोघांपैकी शहाणा कोण, हे मेंढराला काय ठाऊक? आमचा बाप म्हणतो, दोघं असाल तर एकाने पुढे चालावं आणि दुसऱ्याने गप बसावं."

"आणि गप कोणी बसायचं?"

"ते बाप सांगत नाही," सिदू म्हणाला.

वस्ताद उठला आणि थेट शेठच्या वखारीवर गेला.

"शेठ, थोडा कापूस हवा होता."

"किती?"

"ओंजळभर पुरे."

"कशाला?"

"गड्यांना लावायला. जिथे दुखतंय तिथे."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने ओंजळभर मागितला तर टोपलीभर दिला, आणि वर म्हणाला, "त्यांना जपा."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे, शेठ उठायच्या आत, मैदानात एक अजब सराव सुरू झाला. नऊच्या नऊ गड्यांनी कानात घट्ट कापसाचे बोळे घातले होते. काही ऐकू येत नव्हतं. पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. एकमेकांवर आदळत, चुकत, पडत. गोंदा कोष्टी नावाचा उंच गडी पाठलाग करायचा. तो इतक्या जोराने पाठीवर हात मारी, की बसलेला तोंडावर पडे.

"अरे, पाठ आहे ती, ताशा नाही!" सिदू ओरडे. गोंदाला तेही ऐकू जात नसे.

पण हळूहळू काहीतरी बदललं. ओळीत बसलेल्यांची बोटं जमिनीला टेकलेली असत. त्या बोटांना मागून येणारी पावलं कळू लागली. कोण येतोय, किती जवळ आहे, थकलाय की जोरात आहे, सगळं मातीतून कळे. आणि पाठीवर हात पडला, की उठण्यात क्षणाचाही विचार नसे.

वस्ताद चिंचेखाली बसून पाही. सवयीने ओरडायला तोंड उघडे. मग आठवे, यांना ऐकू कुठे येतंय? तो तोंड मिटून घेई आणि एक चिंच तोंडात टाकी. त्या वर्षी त्याने फार चिंचा खाल्ल्या.

चैत्र आला. राजा आला. दोन्ही काठांवर माणसांची दाटी झाली. पलीकडच्या गावाने आधी पाठलाग केला आणि सात गडी बाद केले. आता अलीकडच्या गावाला, वाटी बुडायच्या आत, आठ बाद करायचे होते.

गडी ओळीत बसले. पंचांनी रिकामी वाटी पाण्यावर ठेवली. तिच्या बुडाच्या बारीक भोकातून पाणी आत चढू लागलं. शेठने कर्णा तोंडाला लावला.

"गोंदा, डावीकडे! तिसऱ्याला खो दे!"

कर्णा असा घुमला की राजाच्या घोड्याने कान मागे पाडले. पलीकडच्या गड्यांनी एकमेकांना डोळा मारला. शेठ जे ओरडतो तेच त्याचे गडी करतात, हे त्यांनी मागच्या वर्षी पक्कं पाहून ठेवलं होतं. तिसरा उठणार म्हणून ते तिसऱ्यापासून दूर, दुसऱ्या टोकाला पळाले.

पण तिसरा उठलाच नाही. गोंदा सरळ पुढे गेला आणि सातव्याला खो दिला. सातवा उठला तर समोर गडी आयताच उभा! एक बाद.

"अरे, डावीकडे म्हटलं ना!" कर्णा गरजला. पलीकडचे पुन्हा उजवीकडे पळाले, आणि पुन्हा एक बाद. शेठ जितका ओरडे, तितके पलीकडचे फसत. तीन, चार, पाच. लोकांनी फेटे हवेत उडवायला सुरुवात केली. सहा झाले. सात झाले.

शेठला काही कळेना. संघ जिंकत होता, आणि त्याचं कुणीच ऐकत नव्हतं.

वाटी पाण्यात खोल गेली होती. आता एकच गडी हवा होता. पलीकडचा आठवा गडी वाऱ्यासारखा होता. तो तिघांच्या हातातून निसटला. गोंदा ओळीमागून धावत होता. पुढे चौथा सिदू बसला होता. मागच्या वर्षीचीच जागा, मागच्या वर्षीचीच वेळ.

शेठ कर्ण्यात ओरडला, "सिदू, ऊठ! खो! खो!"

सिदू हलला नाही.

पलीकडच्या गड्याने ते पाहिलं. उठायचा तो उठला नाही, म्हणजे इथे धोका नाही, असं त्याला वाटलं. दम खायला तो सिदूच्या समोरच, तीन पावलांवर थांबला.

आणि इथे, मित्रांनो, वस्तादालाही राहवलं नाही. चाळीस वर्षांची सवय! तोंडातली चिंच थुंकून तो ओरडला, "गोंदा, थांबू नको! खांबाकडे पळ!"

गोंदाने ऐकलं नाही, कारण त्याला ऐकूच आलं नाही. त्याला फक्त समोर काय आहे ते दिसत होतं. त्याने सिदूच्या पाठीवर हात ठेवला.

"खो!"

सिदू उठला तो झेपावतच. पलीकडचा गडी वळला, पण उशीर झाला होता. सिदूची बोटं त्याच्या टाचेला लागली. त्याच क्षणी वाटी गुडूप झाली.

काय आरोळी उठली म्हणून सांगू! नदीतले मासेही तळाशी गेले असतील. लोकांनी गड्यांना खांद्यावर घेतलं. राजा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. त्याने सिदूला विचारलं, "नाव काय तुझं?"

सिदू नुसता हसला.

"अरे, नाव विचारतोय."

सिदूच्या लक्षात आलं. त्याने घाईघाईने कानातले बोळे काढले आणि हात जोडले. मग एकेक करून नऊही गड्यांनी बोळे काढले.

शेठने ते मचाणावरून पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला. "माझाच कापूस, आणि माझाच आवाज बंद करायला! महाराज, न्याय करा. संघ माझा आहे. यांनी मला माझ्याच संघाबाहेर काढलं!"

राजा वस्तादाकडे वळला. "खरं आहे का हे?"

"खरं आहे," वस्ताद म्हणाला. "पण महाराज, शेवटी मीही ओरडलो. मी म्हटलं, खांबाकडे पळ. गोंदाने माझं ऐकलं असतं, तर आज आम्ही हरलो असतो आणि मी माझं खोपटं मोडत बसलो असतो. कापूस शेठसाठी होता, तितकाच माझ्यासाठीही होता. मला ते आत्ता कळलं."

मग वस्तादाने गड्यांना खूण केली. ते पुन्हा ओळीत बसले, पुन्हा कानात बोळे घातले.

"शेठ," वस्ताद म्हणाला, "उठवा त्यांना. संघ तुमचाच आहे."

शेठने कर्णा उचलला. "उठा!" नदीपलीकडची गुरं दचकली. गडी हलले नाहीत. "उठा म्हणतो ना!" गडी बसलेलेच.

"खाली या शेठ," वस्ताद हळूच म्हणाला. "इथून उठत नाहीत ते."

शेठ मचाणावरून खाली उतरला. इतक्या वर्षांत मैदानात तो कधी अनवाणी आला नव्हता. त्याने जोडे काढले. तापलेल्या मातीने पाय पोळले, तसा तो थोडा नाचतच चालला. लोक हसले, पण या वेळी प्रेमाने. तो सिदूच्या मागे गेला. ती पाठ घामाने ओली होती, धपापत होती, मातीने माखली होती. शेठने तिच्यावर हात ठेवला.

"खो," तो अगदी हळू म्हणाला.

सिदू उठला.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "वस्ताद," तो म्हणाला, "एवढं दूध पाजलं, पण या पोरांना हात आज पहिल्यांदा लावला."

त्या वर्षी गावात अशी जत्रा भरली की तशी पुन्हा झाली नाही. मचाण मोडून त्याच्या लाकडाचे दोन नवे खांब केले आणि मैदानात रोवले. शेठ आता चिंचेखाली वस्तादाशेजारी बसे. सामना सुरू झाला, की दोघंही तोंडात चिंच टाकत आणि गप बसत. एखाद्या वेळी शेठचं तोंड उघडलंच, तर वस्ताद दुसरी चिंच पुढे करी. वस्तादाचं उघडलं, तर शेठ करी. ते गाव पुढची सात वर्षं हरलं नाही. आणि तो पितळेचा कर्णा चिंचेला टांगला गेला. त्यात दरवर्षी चिमण्या घरटं करू लागल्या.

म्हणून म्हणतो, शिकवायचं ते आधी शिकवावं आणि पुरवायचं ते आधी पुरवावं. पण डाव सुरू झाला, की धावणाऱ्याच्या कानात दोन हाका असू नयेत.