बिनओझ्याची बिंबिका

पाखरं माणसांशी बोलायची, त्या काळी रक्तातही गप्पा चालायच्या. येसूबाई कोळणीच्या अंगात एक तांबडी पेशी प्राणवायूचं ओझं घेऊन तोऱ्यात फिरत होती. वाटेत तिला चिमुकली बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, भेटली.

“पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, मी प्राणवायू वाहते. तू गं काय करतेस? नुसती फुकटची फिरतेस!”

बिंबिका कडेकडेने भिंत न्याहाळत पुढे सरकली.

तेवढ्यात सुरमई कापताना येसूबाईचं बोट विळीला लागलं. आत एकदम उजेड आला.

“नवी वाट!” म्हणत तांबड्या पेशी तिकडे धावल्या.

“अगं, ती वाट नाही, जखम आहे!” बिंबिका ओरडली. पण ऐकतंय कोण? मग ती स्वतःच जखमेच्या कडेला घट्ट चिकटली. हाक मारताच बहिणी येऊन तिला बिलगल्या आणि त्यांच्याभोवती रक्तातल्या धाग्यांचं जाळं विणलं गेलं. तांबडी धावत आली ती त्यावरच आपटली. पुढे गेलेल्या तिच्या मैत्रिणी मात्र परतल्या नाहीत.

बाहेर येसूबाई म्हणाली, “थांबलं गं बाई एकदाचं!”

तांबडीचा जीव भांड्यात पडला. “चल ना आता,” ती हळूच म्हणाली.

“मी इथेच बसते. दार उघडं टाकून कसं चालेल? तू जा, प्राणवायूसाठी सगळे तुझी वाट बघत असतील.”

पुढच्या फेरीला तांबडीने प्राणवायूचा पहिला घास त्याच बोटाशी उतरवला, कुणी न सांगता.