चौथं चरित्र

"पण गुरुजी, यात चुकलं काय?"

भार्गव नागवेकरने पुन्हा विचारलं.

केदारबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. संन्यास घेण्याआधी ते भार्गवचे शाळेतले मास्तर होते. भार्गव आता नावाजलेला चरित्रकार. सिनेमातल्या तीन बड्या नटांची चरित्रं त्याने लिहिली, तिन्ही गाजली. आता चौथ्या नटाचा निरोप आला होता. आजच होकार कळवायचा होता; ते ऐकून बुवांनी नापसंतीने मान हलवली होती.

"ते तिघं तू कसे निवडलेस?"

"जे सगळ्यात मोठे, ते."

"मोठे कोणी ठरवले?"

"लोकांनी."

"म्हणजे निवड लोकांची. लिहिणं तेवढं तुझं."

भार्गवचा चेहरा उतरला.

"तुला स्वतःला कोणाचं लिहायचं होतं?"

बुवा तांदळातले खडे काढत राहिले.

"हेमांगी वालावलकर," भार्गव अखेर म्हणाला. "एके काळची मोठी नटी. ऐन भरात असताना एका दुपारी सेटवरून उठली, मेकअप पुसला आणि वेंगुर्ल्याला निघून गेली. पुन्हा कॅमेऱ्यासमोर आलीच नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही."

"गेलास तिच्याकडे?"

"गेलो होतो. दारातच तिने विचारलं, 'माझंच का?'"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, लोकांना उत्सुकता आहे... तिने दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काय? मिळाली ती एसटी पकडली."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

"गुरुजी?"

आतून आवाज आला, "तिचंच का?"

"ती मोठी कलावंत होती म्हणून!"

दार उघडलं नाही.

"तिच्यावर नक्की काहीतरी अन्याय झाला असणार..."

नाही.

भार्गव चिडला. एवढं नाव कमावलेला माणूस, आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा दाराबाहेर उभा! त्याने चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरू लागला. मधेच थांबला... मागे फिरला आणि दाराला टेकून बसला.

ऊन ओसरीवर आलं. तो हलला नाही.

फोन वाजला. त्या नटाचा माणूस होता.

"साहेब वाट बघताहेत. 'हो' सांगू ना?"

"नाही," भार्गव म्हणाला. "मला जमणार नाही."

"अहो, असं पुस्तक पुन्हा चालून येणार नाही!"

"ठाऊक आहे."

त्याने फोन ठेवला.

मग तो उठला आणि बंद दाराकडे तोंड करून बोलू लागला.

"गुरुजी, त्या तिघांचं लिहिताना कितीदा वाटलं, हे खरं नाही, आता उठावं. नाही उठलो. ती उठली. सगळं होतं तिच्याकडे, तरी उठली. ते बळ माणसात कुठून येतं, हे मला तिच्याकडून समजून घ्यायचंय. लोकांना नाही... मला. म्हणून तिचंच."

कडी वाजली. बुवा दारात उभे होते.

"आणि हे तू माझ्या दारात सांगतोयस?"